होमबिल्ट विमानातले सदोष भाग बदलताना नोंदी कशा ठेवायच्या

कारखान्यात तयार झालेल्या विमानाचा एखादा ब्रॅकेट तडकला, तर त्याची खबर उत्पादकापर्यंत पोचते. तशाच इतर विमानांच्या तक्रारी तिथे एकत्र होतात आणि दोष ब्रॅकेटचा की बसवणाऱ्याचा, हे कळायला मार्ग असतो. स्वतः बांधलेल्या विमानाला ही सोय नाही. किट एकच असले तरी कुणाचे इंजिन वेगळे, कुणाचा प्रॉपेलर वेगळा, आणि वायरिंग तर ज्याचे त्याचे. तुमच्या विमानाचे उत्पादक तुम्हीच आहात, त्यामुळे त्याचा इतिहास तुमच्या वहीत नसेल तर तो कुठेच नसतो.

बऱ्याच लॉगबुकांत "डावा मफलर ब्रॅकेट बदलला" एवढीच ओळ, तारीख आणि सही असते. तोच ब्रॅकेट पुन्हा तडकला की या ओळीचा काडीचाही उपयोग होत नाही. आधीचा किती तास चालला, तडा कुठून सुरू झाला, नवा कुठून आणला, यातले काहीच तिच्यात नसते. म्हणून खालची सगळी पद्धत एका गोष्टीवर उभी केली आहे: नोंद भागाच्या नावाने न ठेवता विमानातल्या जागेच्या नावाने ठेवा. भाग येतात आणि जातात, जागा तीच राहते. एकाच जागी भाग पुन्हा पुन्हा निकामी होत असतील तर दोष बहुधा त्या जागेत असतो: कंपनात, उष्णतेत, ताणात किंवा बसवण्याच्या पद्धतीत.

आधीची तयारी

एअरफ्रेम, इंजिन आणि प्रॉपेलर यांची तीन लॉगबुके असतातच. त्यांच्या जोडीला पाने शिवलेली चौथी वही घ्या आणि तिला बिघाड-वही म्हणा. सुटी पाने लावायची फाइल नको. त्यातले पान काढले तरी कुणाला कळत नाही. लॉगबुकात तीन-चार ओळींची नोंद आणि बिघाड-वहीतला क्रमांक लिहायचा, सविस्तर हकीकत बिघाड-वहीत. पानांना क्रमांक घाला. चूक झाली तर एकच आडवी रेघ मारून शेजारी बरोबर मजकूर, सही आणि तारीख लिहा. खाडाखोड करून किंवा पांढरा रंग लावून झाकलेली नोंद संशयास्पद दिसते, आणि ती एक नोंद पूर्ण वहीवरचा विश्वास घालवते.

पहिल्या दोन पानांवर जागांची यादी करा. विमानाचे सहा-सात विभाग पुरतात: इंजिन, इंधन, एक्झॉस्ट, नियंत्रण, चाके व ब्रेक, विद्युत, ढाचा. विभागाचे एक अक्षर आणि पुढे आकडा. उदाहरणार्थ "ए-०४ : एक्झॉस्ट, डावा मागचा आधार-ब्रॅकेट". डावे-उजवे नेहमी वैमानिकाच्या आसनावरून धरायचे, हे यादीच्या वर लिहून ठेवा. इंजिनासमोर उभे राहून काम करणारा माणूस सहज उलट लिहून जातो आणि वर्षभराने दोन वेगळ्या जागांचा इतिहास एकमेकांत मिसळलेला सापडतो. सगळ्या जागा एकदम लिहायची गरज नाही. जसजसा बिघाड होईल तसा पुढचा आकडा द्या.

तास कुठल्या मीटरचे, हेही पहिल्याच पानावर ठरवा. हॉब्ज मीटर घड्याळाप्रमाणे चालतो, तर यांत्रिक टॅकोमीटरवरचे तास इंजिनाच्या फेऱ्यांवर मोजले जातात. कमी फेऱ्यांवर ते हळू सरकतात. एका नोंदीत हॉब्ज आणि दुसरीत टॅको असेल तर भागाचे वय काढताच येत नाही. मीटरच बदलावा लागला तर ती नोंद सर्वांत महत्त्वाची समजा: जुन्याचा शेवटचा आकडा, नव्याचा पहिला आकडा, आणि यापुढे एकूण तास काढण्यासाठी किती मिळवायचे ते. ही एक ओळ राहिली की त्या दिवसानंतरचे सगळे हिशेब चुकतात.

किरकोळ सामान: दोरीचे पुठ्ठ्याचे टॅग दोन रंगांचे, झिप असलेल्या प्लॅस्टिकच्या पिशव्या, १५ सेंटिमीटरची स्टीलची पट्टी, भिंग, आणि झाकणाचा एक डबा. लाल टॅग म्हणजे सदोष किंवा शंकास्पद, विमानावर लावायचा नाही; पिवळा म्हणजे वापरण्याजोगा. टॅगवर बॉलपेननेच लिहा. मार्करची शाई पेट्रोल किंवा अल्कोहोल लागताच विरघळते आणि हातात कोरा टॅग उरतो.

भाग काढण्याआधी

बिघाड दिसला की हात आधी पान्याकडे जातो. तो थांबवा. भाग जागेवर असतानाच सर्वाधिक माहिती मिळते आणि ती एकदाच मिळते.

१. तीन फोटो काढा. पहिला दुरून, भाग विमानात नेमका कुठे आहे ते दिसेल असा. दुसरा जवळून, पट्टी शेजारी धरून. तिसरा पार्ट नंबर, सीरियल नंबर किंवा शिक्क्याचा. तिन्ही फोटोंत नोंद क्रमांक लिहिलेली चिठ्ठी दिसू द्या.

२. पुसू नका. तेलाचा ओघळ, काजळीची रेघ, सैल रिव्हेटभोवतीची काळी धूळ हेच पुरावे आहेत. ॲल्युमिनियम घासले जाऊन तयार झालेली ती काळपट भुकटी वाऱ्याच्या दिशेने पसरलेली असते. रिव्हेट हलतो आहे हे ती सांगते, आणि कापड फिरवले की गेली.

३. तड्याचे टोक दाखवायला शिसपेन्सिल वापरू नका. एक्झॉस्टच्या स्टीलवर तर कधीच नको. पेन्सिलीतला कार्बन उष्णतेने धातूत मुरतो आणि ती जागा ठिसूळ होते, म्हणजे खुणेच्या रेघेवरूनच पुढचा तडा जातो. ॲल्युमिनियमवर शिसपेन्सिलीमुळे गंज धरतो.

४. वॉशर, शिम (फट भरायची पातळ चकती) आणि स्पेसर यांचा क्रम कागदावर रेखाटा. रॉड एंडच्या (दांड्याच्या टोकाला असलेल्या, आत फिरती गोळी असलेल्या जोडाच्या) बाहेर मोठा वॉशर होता का, हे मुद्दाम पाहा. बेअरिंगची गोळी निसटली तरी जोड सुटू नये म्हणून तो असतो, आणि घाईत बदली करताना तोच विसरला जातो. रॉड एंडचे किती आटे बाहेर दिसतात ते मोजा.

५. बोल्ट सैल होता का, कॉटर पिन किंवा सेफ्टी वायर जागेवर होती का, टॉर्कची रंगाची रेघ (नट आवळल्यावर तो हलला तर कळावे म्हणून मारलेली खूण) सरकली होती का, हे पाना लावण्याआधी लिहा. एकदा फिरवल्यावर या प्रश्नांना उत्तर नसते.

काढलेला भाग सांभाळणे

लाल टॅगवर एवढे हवे: नोंद क्रमांक, जागा, पार्ट व सीरियल नंबर, काढल्याची तारीख, मीटरचा आकडा, या जागी किती तास चालला, आणि एका ओळीत दोष. टॅग भागालाच बांधा. पिशवीला बांधलेला टॅग पिशवीबरोबर जातो.

मोडलेल्या भागाचे दोन तुकडे पुन्हा एकमेकांना जुळवून पाहण्याचा मोह प्रत्येकाला होतो. असे करू नका. मोडलेल्या पृष्ठभागावरचे बारीक कंगोरे त्या एका घासण्याने चेपतात. धातूच्या थकव्याने मोड झाली असेल तर पृष्ठभागाचा एक भाग गुळगुळीत असतो आणि त्यावर, ओहोटीने वाळूवर सोडाव्यात तशा, वळणदार रेघा असतात. त्या रेघा जिथे केंद्रित होतात तिथे तड्याची सुरुवात असते. बहुतेकदा तिथे भोकाची न घासलेली कड, ओरखडा किंवा वेल्डची कडा सापडते. उरलेला खरखरीत भाग शेवटच्या क्षणी तुटलेला असतो. ब्रश, सॅंडपेपर, बोट, काहीही न लावता तुकडे वेगवेगळ्या कोरड्या पिशव्यांत ठेवा आणि भिंगातून जे दिसले ते लिहा.

दोष लिहिण्याची भाषा

"खराब झाला", "झिजला", "गळत होता" हे शब्द नोंदीत चालणार नाहीत. चार गोष्टी वेगवेगळ्या लिहा: उड्डाणात किंवा तपासणीत काय जाणवले, उघडल्यावर काय सापडले, कारण काय वाटते, आणि त्या कारणाची कितपत खात्री आहे. शेवटची बाब बहुतेकजण गाळतात. "कारण निश्चित नाही, कंपनाचा संशय" हे लिहायला काहीच हरकत नाही. ठोकून दिलेले कारण मात्र पुढच्या शोधाला भलतीकडे नेते.

मोजता येईल ते मोजाच. रोटॅक्स ९१२ इंजिनावरच्या बिंग ६४ कार्बोरेटरचे फ्लोट (इंधनाची पातळी राखणारे तरंगते तुकडे) हे याचे चांगले उदाहरण. इंजिनाला दोन कार्बोरेटर आणि प्रत्येकात दोन फ्लोट. काही फ्लोट इंधन शोषून जड होतात आणि खोल बुडतात, चेंबरमधली पातळी वाढते, मिश्रण दाट होते, आयडलला इंजिन खडखडते, कधी व्हेंटमधून इंधन ठिबकते. एका कार्बोरेटरच्या दोन्ही फ्लोटचे मिळून वजन ७ ग्रॅमपेक्षा जास्त भरता कामा नये. वजनकाटा ०.१ ग्रॅम दाखवणारा घ्या. फ्लोट बाहेर काढून वरचे इंधन पुसले की लगेच वजन करा, कारण काही तास हवेत ठेवलेल्या फ्लोटमधले इंधन उडून जाते आणि सदोष जोडीही मर्यादेत भरते. जोडी मर्यादेत असली तरी आकडा लिहा. ६.१, ६.४, ६.८ अशी चढती रांग दिसली तर पुढच्या वेळी काय सापडणार हे आधीच कळते. "फ्लोट तपासले, ठीक" या नोंदीतून ते कधीच कळणार नाही.

दोष शोधताना भागांची अदलाबदल केली तर तीही लिहा. डाव्या सिलिंडरचा तापमान-प्रोब उजवीकडे लावून पाहणे, प्लग फिरवणे, दोन मॅग्नेटो (प्लगला ठिणगी पुरवणारी यंत्रे) बदलून पाहणे ही नेहमीची कामे. पण नोंद नसेल तर त्या दिवसापासून वहीतला "डावा" भाग प्रत्यक्षात उजवीकडे असतो. विद्युत भाग टेबलावर तपासून "दोष आढळला नाही" असा निघाला तर तसेच लिहून त्याला लाल टॅग लावा आणि शंका पूर्ण फिटेपर्यंत काढू नका. असा भाग पिवळ्या टॅगने कपाटात गेला की वर्षभराने तोच पुन्हा विमानात बसतो.

नवा भाग

नवा म्हणजे चांगला, असे गृहीत धरू नका. बसवण्याआधी त्याची स्वतःची नोंद करा: कुणाकडून आला, बिल क्रमांक, पार्ट, सीरियल व बॅच नंबर, सोबत आलेली कागदपत्रे. उत्पादकाचे अनुरूपता-प्रमाणपत्र असेल तर त्याची प्रत चिकटवा. प्रमाणित भागाबरोबर अमेरिकेत एफएएचा (तिथल्या विमान-नियामक संस्थेचा) ८१३०-३ हा रिलीज टॅग येऊ शकतो. त्यावरचा सीरियल नंबर आणि हातातल्या भागावरचा नंबर अक्षर न अक्षर जुळवून पाहा. थर्मल कागदावरची बिले दोन-तीन वर्षांत पांढरी पडतात, म्हणून त्यांची प्रत आल्याच दिवशी काढा.

रबराच्या वस्तूंना बसवल्याच्या तारखेइतकीच बनवल्याची तारीख महत्त्वाची. ओ-रिंगच्या पाकिटावर तिमाही आणि वर्ष छापलेले असते. पाकीट फेकू नका, कापून वहीत लावा. होजवरची छापील तारीख बसवल्यावर क्लॅम्पखाली किंवा आवरणाखाली झाकली जाते, म्हणून आधीच उतरवून घ्या. रोटॅक्स ९१२ मालिकेत रबरी होज दर ५ वर्षांनी बदलायच्या असतात. ती मुदत मोजायला हीच तारीख लागते. सीलंट आणि रेझिन यांचेही तसेच: लॉट नंबर, मुदत संपण्याची तारीख, मिश्रणाचे प्रमाण, त्या वेळचे तापमान. कंपोझिट विमानात दुरुस्ती केली तर त्याच मिश्रणाचा नाण्याएवढा नमुना एका पिशवीत ठेवा. रेझिन नीट कडक झाले की नाही, हे विमानाला हात न लावता त्यावरून तपासता येते.

बसवल्याची नोंद

एक नमुना देतो. आकडे कल्पित आहेत, मांडणी वापरता येईल.

"नोंद ३१. जागा ए-०४, एक्झॉस्ट, डावा मागचा आधार-ब्रॅकेट. हॉब्ज १७१.२. आढळले: खालच्या बोल्ट-भोकापासून मागच्या कडेपर्यंत ११ मिमी तडा, बोल्ट घट्ट होता. सुरुवात भोकाच्या कडेला, थकव्याच्या रेघा भिंगातून दिसल्या. आधीची बदली ११८.० तासांवर (नोंद २२), म्हणजे हा भाग ५३.२ तास चालला. कारण: कंपन; खात्री मध्यम. केले: त्याच मापाचा नवा ब्रॅकेट, भोकांच्या कडा घासून गुळगुळीत केल्या. एएन३ बोल्ट नवा, नवा धातूचा सेल्फ-लॉकिंग नट, २५ इंच-पाउंड अधिक नटाची ओढ ६, एकूण ३१. टॉर्क रेंच क्र. २. चाचणी: जमिनीवर १० मिनिटे, पुन्हा पाहिले, तडा नाही. पहिल्या ५ तासांनंतर पुन्हा पाहणे."

टॉर्कच्या, म्हणजे नट किती जोराने आवळला त्याच्या, ओळीकडे लक्ष द्या. एएन३ (विमानात वापरायच्या प्रमाणित बोल्टचे एक माप) बोल्टच्या नटासाठी नेहमीची मर्यादा २० ते २५ इंच-पाउंड, एएन४ साठी ५० ते ७०. पण सेल्फ-लॉकिंग नट बोल्टवर नुसता फिरवायलाही थोडा जोर लागतो. ती ओढ आधी रेंचने मोजायची आणि मर्यादेत मिळवायची. ती धरली नाही तर रेंच २५ दाखवतो आणि जोड प्रत्यक्षात सैल असतो. रेंचचा क्रमांक लिहिण्याचे कारण असे, की पुढे रेंच चुकीचा निघाला तर त्याने आवळलेले सगळे बोल्ट एका बैठकीत शोधता येतात.

शेवटची "पुन्हा पाहणे" ही ओळ वहीच्या मागच्या पानावरही उतरवा. तिथे फक्त बाकी कामे राहतील आणि उड्डाणाआधी तेवढेच पान उघडले तरी पुरेल.

बदली आणि बदल

तोच पार्ट नंबर गेला आणि तोच आला, ती बदली. जाड ब्रॅकेट, वेगळ्या कंपनीचा पंप, हलकी बॅटरी आली तर तो बदल. दोन्हींची नोंद एकाच साच्यात बसवू नका. बदलाच्या नोंदीत वजन आणि जागा आलीच पाहिजे. समजा विमानाचे रिकामे वजन ४८० किलो आणि गुरुत्वमध्य डेटमपासून (अंतरे मोजायच्या ठरलेल्या संदर्भ-रेषेपासून) २.००० मीटरवर आहे, मोमेंट (वजन गुणिले अंतर) ९६०. फायरवॉलवरची (इंजिन आणि कॉकपिट यांच्यामधल्या भिंतीवरची), डेटमपासून ०.५ मीटरवर असलेली ७ किलोची सदोष बॅटरी काढून २.५ किलोची लिथियम बॅटरी बसवली. वजन ४७५.५ किलो, मोमेंट ९५७.७५, गुरुत्वमध्य २.०१४ मीटर. साडेचार किलो कमी झाले म्हणून आनंद होतो, पण गुरुत्वमध्य १४ मिमी मागे सरकला. मागे सामान भरून उडणाऱ्या विमानात हे १४ मिमी मर्यादेबाहेर नेऊ शकतात. वजन-संतुलनाचा नवा तक्ता त्याच दिवशी करा, जुन्यावर "रद्द" लिहा, पण तो फाडू नका.

नियमांतही हा फरक आहे. अमेरिकेत विमान-नियमांच्या भाग ४३ चे देखभाल-नियम प्रायोगिक प्रमाणपत्रावरच्या होमबिल्ट विमानाला सहसा थेट लागू होत नाहीत; तिथे त्या विमानाच्या ऑपरेटिंग लिमिटेशन्स (प्रमाणपत्रासोबत दिलेल्या अटी) चालतात. दर १२ महिन्यांची कंडिशन इन्स्पेक्शन (विमानाच्या स्थितीची तपासणी) त्याच भागाच्या परिशिष्ट डी च्या व्याप्तीने करून लॉगबुकात ठरलेल्या शब्दांत नोंदवावी लागते, आणि मोठ्या बदलानंतर विमान पुन्हा चाचणी-उड्डाणांच्या टप्प्यात जाते. नियमांप्रमाणे साध्या दुरुस्तीची नोंद एक वर्ष किंवा ते काम पुन्हा होईपर्यंत ठेवली तरी चालते. जागेचा इतिहास हवा असेल तर हा किमान नियम बाजूला ठेवा आणि काहीही फेकू नका.

रिव्हेट आणि बंद झालेले भाग

रिव्हेट मारलेला भाग बदलताना भोके मोठी होतात. १/८ इंची रिव्हेट काढताना भोक बिघडले तर ५/३२ चा घालता येतो, पण भोकाच्या मध्यापासून कडेपर्यंतचे अंतर व्यासाच्या दुप्पट हवे. १/८ ला ६.४ मिमी पुरत होते, ५/३२ ला सुमारे ८ मिमी लागतात. म्हणून कुठली भोके मोठी केली याचा नकाशा काढा आणि कडेचे अंतर लिहा. तोच भाग दुसऱ्यांदा बदलायची वेळ आली तर जागा शिल्लक आहे की नाही, हे त्या नकाशावरच ठरते.

बांधणी चालू असताना बदललेल्या भागांची नोंद याच वहीत हवी. विमान उडालेले नसते म्हणून हा काळ अनेकजण सोडून देतात. २०२३ मध्ये व्हॅन्स एअरक्राफ्ट या अमेरिकी किट-उत्पादकाच्या आरव्ही किटांमधल्या लेझरने कापलेल्या काही भागांना भोकांच्या कडेला तडे जात असल्याचे उघड झाले. आपल्याकडचे कुठले भाग लेझरचे, ते कुठे बसले आणि कुठले आधीच बदलले, हे शेकडो बांधणाऱ्यांना शोधावे लागले. प्रायमर लावून, रिव्हेट मारून, वर पत्रा चढवल्यावर भोकाची कड पाहता येत नाही. पेटी उघडल्या दिवशीची पॅकिंग यादी, भागावरचे स्टिकर आणि पत्रा बंद करण्याआधीचे फोटो एवढाच आधार उरतो. प्रत्येक कप्पा बंद करण्याआधी पूर्ण आतला भाग दिसेल असे फोटो काढा आणि तारखेसह ठेवा.

वही वाचणे

वार्षिक तपासणीच्या आधी एक संध्याकाळ ठेवा आणि वही जागेनुसार वाचा. समजा, वरच्या नमुन्यातल्या जागी पहिला ब्रॅकेट ६१ तास, दुसरा ५७, तिसरा ५३ तास चालला. तीन वेगवेगळे ब्रॅकेट जवळपास सारख्याच वयात, तेही उतरत्या क्रमाने तुटतात, तेव्हा चौथा ब्रॅकेट जाड करून काही होणार नाही. इंजिन रबरी माउंटवर हलते. एक्झॉस्ट एका टोकाला इंजिनाला आणि दुसऱ्या टोकाला स्थिर चौकटीला आवळलेला असेल, तर प्रत्येक सुरू-बंद होताना तो ताण कुठेतरी जाणार. आधार इंजिनावरच घेणे किंवा मध्ये सरकता जोड देणे हा उपाय, आणि हा बदल असल्याने त्याची नोंद बदलाच्या साच्यात.

दोष आपल्या विमानापुरता नाही असे वाटले तर किट किंवा इंजिन उत्पादकाला फोटो, तास आणि बॅच नंबरसह कळवा. अमेरिकेत एफएएचा ८०१०-४ हा बिघाड-अहवालाचा फॉर्म होमबिल्टवाल्यांनाही भरता येतो. काय पाठवले, कधी पाठवले आणि उत्तर काय आले, ते त्याच नोंदीखाली लिहा. मूळ भाग मागितला तर पाठवण्याआधी फोटो काढा आणि पोचपावती चिकटवा.

डबा रिकामा करताना

लाल टॅगचे भाग किमान पुढच्या वार्षिक तपासणीपर्यंत ठेवा. नियंत्रण-प्रणाली आणि ढाच्याचे भाग त्याहून जास्त. टाकताना तसेच भंगारात देऊ नका. स्वच्छ धुतलेला, रंग दिलेला सदोष भाग फिरत फिरत दुसऱ्याच्या विमानावर बसू शकतो. करवतीने आरपार कापा, आटे घासून टाका, बेअरिंगच्या जागा ग्राइंडरने उडवा, पार्ट नंबरची पट्टी नष्ट करा. नुसते भोक पाडणे किंवा रंगाची फुली मारणे पुरत नाही, कारण भोक भरता येते. कापलेल्या तुकड्यांचा फोटो काढून नोंदीखाली "नष्ट केला" आणि तारीख लिहा.

वहीची प्रत दर महिन्याला फोटो काढून दोन ठिकाणी ठेवा, त्यातली एक विमानाच्या हँगरबाहेर. फोटोंची नावे नोंद क्रमांकाने सुरू करा: ०३१-१, ०३१-२. विमान विकले गेले तर लॉगबुकांबरोबर बिघाड-वही, जागांची यादी, वजन-संतुलनाचे रद्द केलेले तक्ते आणि लाल टॅगांचा डबा हे सगळे नव्या मालकाला द्या, आणि काय काय दिले याची यादी दोघांच्या सहीने वहीच्या शेवटच्या पानावर लावा.